माझ्या पश्चात कुंपणाला पाणी कोणी घालायचे याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, धंदा सोफे व खुर्च्यांना गादी-कापड चढविणे (आता निवृत्त, तरी कोणाची उसवलेली खुर्ची दिसली की हात शिवशिवतात), राहणार वडिलांच्या घराच्या उजव्या भागात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके ठिकाणावर आहे, पोट नाही, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितले.

पोटात गाठ आहे. आता काढली तर मी बरीच वर्षे लोकांना त्रास देत राहीन आणि नाही काढली तर पुढचा उन्हाळा दिसेलच असे नाही, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, काढा. तर त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. जवळचे म्हणावे असे मला एकच माणूस आहे, ते अंगणातल्या कुंपणापलीकडे राहते आणि त्याच्याशी मी अकरा वर्षे बोललेली नाही. ते माणूस म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. सहीसाठी तिच्या दारात उभे राहण्यापेक्षा मरणे परवडले, असा विचार करून मी दवाखान्यातून थेट वकीलबाईंकडे आले.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात एवढे खासगी लिहीत नाहीत. मी म्हटले, मरणार मी, लिहिणार मी, तुम्ही फक्त शिक्का मारा.

कलम १. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही. तरी वकीलबाईंच्या समाधानासाठी, याआधीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे कापडाची मोठी कातर, वाकड्या सुयांचा डबा, पट्टा ताणायचा लाकडी ठोकळा आणि छोटी हातोडी, ही सर्व कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि आता तिथे मुख्य असलेल्या कारागीर बाईंना द्यावीत. ती मोठी कातर कागद कापायला वापरायची नाही. एकदा वापरली होती, माझ्या लक्षात आहे. आणि खिळे तोंडात धरून काम करायची तिची सवय अजून गेलेली नाही असे ऐकते. हे माझे शेवटचे सांगणे समज बाई, खिळे वाटीत ठेव. मी सांगून सांगून थकले, पालथ्या घड्यावर पाणी.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. उरेल ते अंगणातल्या नळाच्या पाणीपट्टीसाठी ठेवावे. पाणी हीच या घरातली सगळ्यात मोठी भानगड आहे, ते पुढे येईलच.

कलम ४. धाकटीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, हा फरशांच्या दुकानात नोकरीला आहे. पोरगा मनाने वाईट नाही, पण मोकळी जमीन दिसली की त्याला तिथे फरशी दिसते. गेली काही वर्षे तो माझ्याकडे नमुने घेऊन येतो. "मावशी, ही बघ, घसरत नाही. हे झुडूप काढून टाकू, अंगणभर ही बसवू, माझी गाडीही आत येईल. बिचारी उन्हात उभी असते." मी म्हटले, "माझी झाडंही उन्हातच उभी आहेत, ती कधी कुरकुरली का?"

याच भाच्याने तीन वर्षांपूर्वी, मी गावाला गेले असताना, मावशीला खूश करायचे म्हणून कुठून तरी विजेचे कापायचे यंत्र आणले आणि सगळे कुंपण वरून एका रेषेत छाटून ठेवले. अगदी फरशीसारखे सपाट. कळ्या नुकत्याच धरल्या होत्या. त्या वर्षी एक तुरा आला नाही. मी परत आले तर साहेब हात झाडत विचारतात, "कसं दिसतंय?" करायला गेला एक आणि झाले भलतेच. सबब, भाच्याला माझी लोखंडी खाट, पंखा आणि रेडिओ द्यावा. कापण्यासारखी कोणतीही वस्तू देऊ नये.

कलम ५. आता कुंपण. खरे म्हणजे माझी मालमत्ता ही एवढीच, बाकी सगळे सामान आहे.

वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. त्या वेळच्या वकिलांच्या टेबलासमोर, आठ माणसांच्या देखत, धाकटी म्हणाली, "हिला अर्धं घर कशाला? हिच्या मागे आहे कोण?" वडिलांचे अंथरूण-पांघरूण, औषधपाणी शेवटपर्यंत मी केले होते, ते मी तिथे काढले नाही. घरी आले आणि निरोप धाडला, की घराची वाटणी झालीच आहे तर अंगणाचीही हद्द घाला. ते वाक्य अजून दुखते. गाठ दुखते त्याहून जास्त दुखते.

भिंत कोणाच्या खर्चाने बांधायची यावरून पुन्हा जुंपली. शेवटी मी कळवले, भिंत नको, मी झाडांचे कुंपण लावते. धाकटीने भाच्याकरवी विचारले, कसली झाडे? मी सांगितले, हायड्रेंजिया. तिला वाटले मी तिला शिवी दिली.

हे फूल मी तोवर प्रत्यक्ष पाहिले नव्हते. एका गिऱ्हाइकाच्या मोठ्या सोफ्यासाठी आलेल्या कापडावर ते होते, हिरव्यात पांढरे भरगच्च तुरे. आठवडाभर त्यावर हात फिरवत काम केले आणि मनात भरले. गिऱ्हाईक बाईंनी नाव सांगितले. पण कापडाला ऊन लागत नाही, हे माझ्या डोक्यात आले नाही. आमचे अंगण म्हणजे नुसता तवा. पूर्वी समोर एक मोठे झाड होते, ते रस्ता रुंद करताना गेले. सकाळी सूर्य वर आला की मावळेपर्यंत आडोसा म्हणून नाही.

रोपवाल्याला मी हे सगळे सांगितले होते. त्याने मला गोल गेंद येणारी जात गळ्यात मारली. "बिनधास्त लावा, उन्हात काय, आगीत टिकेल." पहिल्याच उन्हाळ्यात पाने कडेने करपली, मग मधून, मग काड्या राहिल्या. जाब विचारायला गेले तर म्हणतो, "तुमचं ऊनच जरा जास्त आहे." नाचता येईना, अंगण वाकडे! त्याला या मृत्युपत्रान्वये काही मिळणार नाही. मात्र पुढच्या खेपेला त्याने लांबट, शंकूसारखे तुरे येणारी दुसरी जात आणून दिली. ती खरोखरच उन्हाला टिकते, एवढे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. त्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. सही करताना हे वाचून तोंड वाकडे केले तरी चालेल.

तर ही दुसरी जात चांगली चर खणून, खत घालून लावली. तीही निम्मी मेली. सगळे म्हणाले, उन्हाने. मी जुन्या सोफ्यांची कापडे काठ्यांवर ताणून सावली केली. रस्त्याने जाणारे हसायचे, अंगणात सोफा मांडलाय म्हणून. तरी झाडे जात राहिली. एकदा चिडून मेलेले झाड मुळासकट उपटले, तर मुळे काळी आणि कुजका वास. कुजलेली! उन्हाने वाळले असते तर समजले असते, पण भर उन्हात झाड बुडून मेले होते. मी पाणी घालायचे सकाळी एकदा. मग दुपारी मातीचा चिखल कसा?

एके दिवशी कारखान्यातली वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. पाहते तर धाकटी डोक्यावर पदर घेऊन, हातात नळी धरून माझ्या झाडांना पाणी पाजते आहे. तोंडाने पुटपुटते आहे, "मारून टाकतेय बिचाऱ्यांना, कामावर जाते आणि मारून टाकते." मला पाहिले आणि नळी तिथेच टाकून आत पळाली.

आता हे नीट वाचा, कारण यात सगळे आहे. हायड्रेंजिया भर उन्हात दुपारी मान टाकते. माती ओली असली तरी टाकते. पाने लोंबतात, बघवत नाही. पण ऊन उतरले की आपोआप उभी राहते. ती तहान नव्हे, ती तिची दुपारची झोप. मी दिवसभर कामावर, म्हणून मला ती लोंबलेली कधी दिसलीच नाही. धाकटी दिवसभर घरात, तिला ती रोज मरताना दिसायची. मी सकाळी पाणी घालते हे तिला माहीत नव्हते, कारण ती उठते उशिरा. ती दुपारी घालते हे मला माहीत नव्हते. आणि विचारायची सोय नव्हती, कारण आम्ही बोलत नव्हतो. अति तिथे माती म्हणतात, आमच्याकडे मातीचीही खीर झाली.

बरे, एवढ्यावर संपावे की नाही? मी विचार केला, ती घालतेच आहे तर मी कशाला? आणि सकाळचे पाणी बंद केले. तिने विचार केला, हिने मला पाहिले, आता कोणत्या तोंडाने घालू? आणि दुपारचे बंद केले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पंधरवड्यात पाने कुरकुरीत झाली. मी खिडकीतून पाहत होते, तीही तिच्या खिडकीतून पाहत असणार. संताप येतो आठवले की. कोणाचा येतो ते विचारू नका.

शेवटी मीच नळाजवळ एक बादली नेऊन ठेवली. सकाळी पाणी घातले की बादली पालथी घालायची. पालथी बादली म्हणजे आज झाले, हात लावू नको. कोणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाणी घातले नाही आणि बादली उताणी ठेवली. संध्याकाळी पाहिले तर माती ओली आणि बादली पालथी. तेव्हापासून आजतागायत तसेच चालू आहे. एक शब्द न बोलता. भाचा म्हणतो, "तुम्ही दोघी बादलीशी बोलता, एकमेकींशी का बोलत नाही?" फरशी विकणाऱ्याने जास्त डोके चालवू नये.

या वर्षी प्रथमच कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून आले आहे. एकही जागा रिकामी नाही. तुरे आता उमलू लागले आहेत, पांढरे आहेत, पुढे गुलाबी होतील. अकरा वर्षे घाम गाळून हे दिसले आणि नेमकी याच वर्षी पोटात गाठ निघाली. मला राग येतो. शांतपणे मरणाऱ्या लोकांचे मला कौतुक वाटते, मला जमत नाही.

देखभालीच्या सूचना: पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नको. घालण्याआधी बोट मातीत खुपसून पाहावे, ओल लागली तर गप्प बसावे. बुंध्याशी काथ्याचा जाड थर ठेवावा, कारखान्यात जुन्या गाद्यांचा हवा तेवढा मिळतो. छाटणी थंडी सरताना, नवे कोंब फुटण्याआधी, आणि तीही हाताने. दुपारी मान टाकली म्हणून कोणी धावत जाऊ नये.

कलम ६. घराचा माझा उजवा भाग, कुंपणाखालच्या जमिनीच्या माझ्या हिश्श्यासह, मी माझ्या धाकट्या बहिणीला देते.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवून विचारले, "नक्की?" हो, नक्की. यात प्रेमाबिमाचा संबंध नाही. हे कुंपण कधी तहानलेले असते आणि कधी नुसते नाटक करते, हे जगात दोनच माणसांना कळते. त्यातले एक मी. माझ्या मागे कोण, याचे उत्तर लिहायला मी इथे बसले, दोन कागद फाडले, आणि डोके फोडूनही मला तीच आठवली. इतकी चीड आली की सांगता सोय नाही.

तिने कुंपण काढू नये, अशी अट मला घालायची होती. वकीलबाई म्हणतात, घर तिचे झाले की दोन्ही बाजू तिच्याच, मग हद्द कसली आणि कुंपण कसले, ही अट टिकणार नाही. म्हणजे मी मेले की माझे कुंपण अंगणाच्या मधोमध उगाच उभे असलेले झुडूप होणार, आणि भाचा फरशी घेऊन तयार. म्हणून अट घालत नाही. विनंती करते. धाकटीला विनंती करण्याची ही माझी पहिली वेळ आहे आणि मरणानंतर पोहोचेल म्हणूनच करते आहे.

कलम ७. वरीलपैकी एखादे कलम कोणत्याही कारणाने बाद ठरल्यास ती मालमत्ता विकून येणारी रक्कम गादी-कारागिरांच्या मंडळाला द्यावी. हे वाक्य वकीलबाईंचे आहे. त्यांनी असेही बजावले, की या मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याचे कलम गेले. म्हणून कारागीर बाई आणि भाचा बाद, आणि ज्यांना माझ्याकडून काडीही मिळणार नाही असे दोन सज्जन बोलावले आहेत.

येणेप्रमाणे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, म्हणजे खुशी सोडून बाकी सगळ्याने, लिहून ठेवले, ते खरे.

ठिकाण: राहते घर, उजव्या भागातील पुढची खोली.
दिनांक: तुरे उमलू लागले त्या आठवड्यातील मंगळवार, दुपार.

लिहून ठेवणार: (सही) थोरली

साक्षीदार पहिला: (सही) समोरचा घड्याळजी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला नाही, पण भिंती पातळ आहेत, लिहिताना त्या मोठ्याने बोलत होत्या.

साक्षीदार दुसरा: ~~रोपवाला~~

रोपवाला आला नाही. फोनवर म्हणाला, दुकानात गर्दी आहे. घड्याळजींनी कुंपणावरून मला हाक मारली, "पाच मिनिटं येता का, एक सही हवी आहे." कसली ते बोलले नाहीत, लबाड माणूस. मी आत आले तर वकीलबाई एकदम ओरडल्या, "तुम्ही नको, तुम्ही सही केलीत तर तुम्हाला घर मिळणार नाही!" मी म्हटलं, कुठलं घर? आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. साक्षीदारानं वाचायचं नसतं म्हणे. वाचलं.

ताई, मला वाटलं तुझा गुडघा धरलाय. दोन महिने तू भिंतीला हात लावत चालतेस, मी खिडकीतून बघते, आणि मला वाटलं गुडघा. पोराला म्हटलंसुद्धा, मावशीला तेलाची बाटली नेऊन दे. मेली असतीस म्हणजे मला वकिलाच्या पत्रातून कळलं असतं काय गं?

वाटणीच्या दिवशी मी बोलले ते हलकटासारखं बोलले. तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी कळलं. कितीदा तुझ्या दारापर्यंत आले, आणि तू दार उघडून काय म्हणशील या भीतीनं परत गेले. हे सगळं या कागदावर लिहू नका म्हणून वकीलबाई माझा हात धरतायत. ताईनं एवढं लिहिलं तेव्हा नाही धरला तो.

समजून उमजून सही करते आहे. माझं कलम गेलं. बरं झालं. तुझं दार कायमचं बंद असेल तर त्या घराचं मी काय करू? आता मी वाचलंय त्याप्रमाणे तुझं घर विकलं जाणार, कोणीतरी उपरा येणार आणि आल्या दिवशी कुंपण उपटणार. ते नको असेल तर तुला नवं मृत्युपत्र लिहावं लागेल. मेलेल्या माणसाला लिहिता येत नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

दवाखान्यातल्या कागदावर सही मी करणार. तू मागितली नाहीस तरी करणार. डॉक्टर संध्याकाळपर्यंत बसतात, पोरानं फोन करून विचारलं, गाडी दारात आणलीय त्यानं. तू आत्ता माझ्याकडे बघतही नाहीयेस, त्या पंख्याकडे बघतेयस, चालेल.

(सही) सख्खी बहीण

सही झाली. ऊठ, चपला घाल.